येनावरची राखण

चांदा जिल्हा आता मुंबई राज्यात जाणार, अशा गप्पा ज्या साली चामोर्शीच्या बाजारात रंगत होत्या, त्या सालच्या भादव्यात पालेबोडीच्या मनसारामला हिवताप आला. राज्य कुणाचं होणार याची पालेबोडीच्या ढिवरांना फिकीर नव्हती. मनसारामच्या तापाची असायला हवी होती, पण नेमका तोच कुणाला कळू द्यायचा नाही असं त्याच्या आईनं, गुणाबाईनं ठरवून टाकलं.

कारण होतं कोसा. एरवी तलावावर मासोळी धरायची आणि पोळा झाला की जंगलातल्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे, रानरेशमाचे, किडे पोसायचे, हा या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. किडे हा शब्दसुद्धा तिथं चालत नसे. ते त्यांना देव म्हणत. हे देव दिवसभर पाला खात, अंगानं बोटाएवढे होत आणि दिवाळीच्या आधी स्वतःभोवती कोसा विणून आत बसत. तोवर त्यांना कावळ्यांपासून, गांधीलमाशांपासून, मुंग्यांपासून राखायचं. एका फांदीचा पाला संपला की फांदी तोडून देवांसकट दुसऱ्या झाडाला टेकवायची. एक दुपार डोळा लागला तर कावळे सगळं पीक फस्त करत.

राखणदारानं झाडांपाशीच झोपडीत राहायचं, एकवेळ आपल्या हातानं शिजवून खायचं, डोक्याला तेल नाही, दाढी नाही, बायकोचं तोंड पाहायचं नाही. दुसऱ्याच्या झाडांत कुणी शिरायचं नाही. आपला विटाळ त्याच्या देवांना नको. आणि बाईनं तर त्या झाडांत पाऊलच टाकायचं नाही. त्यातही ती पोटुशी असली तर बघायलाच नको. तिची सावली पडली की देव झाडावरच सडतात आणि देव कोशात गुरफटतात तशी नाळ पोटातल्या लेकराच्या गळ्याला गुरफटते, असं लहानथोर सगळे मानत. राखणदार आजारी पडला तर त्यानं पंचांना सांगायचं. पंच झाडं दुसऱ्याला देत, आणि एकदा गेलेली झाडं परत मिळत नसत.

मनसारामची झाडं ओढ्याकाठची, त्याच्या आज्यापासूनची, जंगलातली सगळ्यात गर्द. त्यावर किती जणांचा डोळा होता हे गुणाबाईला पक्कं ठाऊक होतं.

"गोकुळे," ती सुनेला म्हणाली, "याचं धोतर नेस, डोक्याले फेटा बांध, अंगावर घोंगडी घे. दुरून कोन ओयखते? अन जवळ तर कोनी येतच नाई."

गोकुळाला सहावा महिना होता. पहिलं लेकरू जन्मतःच हातातून गेलेलं. त्या दुःखाला अजून दोन पावसाळेही झाले नव्हते. ती धोतराला हातही लावेना.

"आत्याबाई, अशा पोटानं मी देवाच्या झाडात जाऊ? माह्या लेकराले काही झालं म्हंजे?"

तापानं कुडकुडणारा मनसाराम गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हणाला, "काही नाई होत. मी धाडून राह्यलो ना तुले? मंग दोष मले. अन कोनाले समजलंच तर पंचाईसमोर मी उभा राहीन. मीच पाठोलं म्हनीन. चार दिवसाची तर गोष्ट हाये. ताप उतरला का मी येतोच."

नवरा असं म्हणतो तेव्हा बायको काय करते? विश्वास ठेवते. गोकुळानं ठेवला. मनसाराम वाईट माणूस आहे असं गावात कुणीच म्हणत नसे, आणि तो नव्हताही. वाईट असायला निदान थोडी हिंमत लागते.

पहाटे अंधारातच ती निघून गेली. गावात गुणाबाईनं सांगितलं, सुनेचे पाय जड झालेत, ती पडून आहे. आतल्या खोलीतून मनसारामचं कण्हणं ऐकू आलं की शेजारणी बाहेरून विचारत, "कसं हाये वो गोकुळाचं?" आणि गुणाबाई तोंड पाडून सांगे, "काय सांगू बाई, पहिलं गेलं ना, म्हनून जीव घाबरा होते." पोटुशी सून घरात आणि राखणदार लेक जंगलात, असा तिनं संसार उलटा करून ठेवला आणि वर शेजारणींची कीवही पदरात पाडून घेतली.

जंगलात गोकुळा एकटी. राखणदार कावळे हाकलतात ते ओरडून. दिवसभर त्यांच्या आरोळ्या या ओढ्यापासून त्या टेकडीपर्यंत घुमत असतात. गोकुळाला ओरडता येत नव्हतं. बाईचा आवाज एकदा गेला की संपलं. मग तिनं बांबू चिरून त्याचा फटाका केला, आणि तो आपटत या झाडाकडून त्या झाडाकडे दिवसभर फिरायची. पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले, घोंगडीच्या आत घामाच्या धारा. वाकून फांदी उचलली की कमरेत कळ जायची. बसावं म्हटलं तर तेवढ्यात कावळा यायचा. गुणाबाई एक दिवसाआड शिवेवरच्या दगडावर तांदूळ ठेवून जायची, ते ती तीन दगडांच्या चुलीवर शिजवायची, आणि दोन घास खाल्ले की छातीत जळजळ सुरू.

पहिले काही दिवस ती झाडाकडे पाहायची तेव्हा हात पोटावर असायचा, झाकल्यासारखा. आपली सावली फांदीवर पडू नये म्हणून ती सूर्याचा अंदाज घेत वळसे घालून चालायची. पण सावली टाळून राखण होत नाही. शेवटी तिनं एका सकाळी झाडाला हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "देवा, मले माहीत हाये मी यायचं नोतं. पन आली. आता तू मही लाज राख, मी तुही राखन करतो." त्या दिवसापासून ती सावलीकडे बघेनाशी झाली. देव बघता बघता जाड झाले, हिरवेगार, टवटवीत. पोटातलं लेकरूही लाथा मारू लागलं. एखाद्या दुपारी फटाका आपटला की ते आतून दचकायचं, आणि गोकुळा एकटीच हसायची.

चार दिवसांचे आठ झाले. मनसारामचा ताप उतरला तसं गोकुळानं दगडापाशी गुणाबाईला गाठलं.

"आता ते येतीन ना?"

गुणाबाई इकडेतिकडे बघत म्हणाली, "आता मधात हात बदलला तर देव बिथरतीन म्हनते तो. तुहा हात लागला हाये त्याईले. किती मस्त झाले देव! तूच ने आता शेवटाले."

"अन माहे पाय? हे पाहा तुमी." तिनं धोतर वर करून सुजलेली पावलं दाखवली. बोट दाबलं की खड्डा पडत होता.

"जड आंगाले सुजतेच पाय. मह्या वक्ताले मी चिखलात उभं राहून धानाचा रोवना केला," गुणाबाई म्हणाली आणि वाटेला लागली.

गोकुळा बराच वेळ दगडाजवळ उभी होती. तिला राग आला. पण रागाला तरी वेळ कुठं होता? मागं कावळे ओरडू लागले होते. ती फटाका घेऊन पळत सुटली. मनात म्हणाली, येत नाई तर नको येऊ, पन माह्या मागं उभा तर हाये ना. त्या एका आधारावर ती टिकून होती, यात काही शंका नाही. माणूस कष्टानं मोडत नाही हो, एकटेपणानं मोडतो, आणि तिला आपण एकटे आहोत हे अजून कळलं नव्हतं.

दसरा झाला आणि जंगलात रोग शिरला. देव मऊ पडून फांदीला उलटे लटकू लागले, हात लावला की काळं पाणी. आधी टेकडीवरच्या झाडांत, मग केवळरामच्या झाडांत. केवळराम म्हणजे जातीचा मुख्य पंच, वयानं सगळ्यांत मोठा. त्याचं निम्मं पीक दोन दिवसांत गेलं. कुठंतरी विटाळ झालाय, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. विटाळ कुठला हे शोधायला केवळराम प्रत्येकाच्या शिवेवरून फिरू लागला. आत पाय न टाकता, नुसता बघत.

तो ओढ्याकाठी आला तेव्हा गोकुळा फांदी बदलत होती. वरच्या डहाळीतलं लाल मुंग्यांचं घरटं फुटलं आणि मुंग्यांचा लोट तिच्या मानेवरून घोंगडीत शिरला. तिनं खूप सोसलं. पण एक मुंगी पोटाला डसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माय वो!"

घोंगडी फेकून ती अंग झटकत असताना समोर केवळराम उभा. फेटा सुटलेला, केस मोकळे, आणि पोट तर काही लपणारं नव्हतं. म्हाताऱ्यानं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "बाई, आधी खाली बस. पडशीन."

ती बसली. त्यानं ओढ्याचं पाणी पळसाच्या पानात आणून तिच्यापुढं ठेवलं, पण स्वतः चार पावलं लांब राहिला.

"कोनं पाठोलं तुले इथी?"

गोकुळाला रडू फुटलं, पण भीती वाटली नाही. उलट बरंच वाटलं, आता हे संपणार म्हणून. ती म्हणाली, "घरी चला, भाऊ. ते सांगतीन तुमाले."

केवळरामची नजर झाडांवर गेली. एकही देव लटकलेला नव्हता. त्या सबंध जंगलात इतके निरोगी देव कुणाच्याच झाडावर उरले नव्हते. त्याला याचा अर्थ लागेना, आणि लागला असता तरी तो पंच होता.

पालेबोडीत शिरताना गोकुळानं लांबूनच पाहिलं. मनसाराम जंगलाच्या बाजूच्या मागच्या अंगणात, शेजाऱ्यांच्या नजरेआड, जाळं विणत बसला होता, मांडी घालून, चांगला टुणटुणीत. त्यानंही त्यांना पाहिलं. ती अंगणात पोचली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. अर्धवट जाळं खुंटीला होतं, विणायची सुई अजून हलत होती, आणि आतून कण्हण्याचा आवाज येत होता.

तरी तिनं स्वतःची समजूत घातली, घाबरले असतील, पंचांसमोर बोलतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातामायच्या देवळापुढं सगळा गाव जमला. मनसाराम गोधडी पांघरून, आईच्या खांद्याचा आधार घेत आला. गोकुळा एका बाजूला उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नाही.

केवळरामनं विचारलं, "मनसाराम, तुही बायको झाडात कशी गेली?"

मनसाराम खाली बघत म्हणाला, "मले काही माहीत नाई, भाऊ. मी तापात पडून होतो. शुद्ध नोती मले. तिच्या मनानंच गेली असन."

गोकुळाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं गुणाबाईकडे पाहिलं. गुणाबाईनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "कालपावतर ताप होता याले. मले वाटलं, ही आतमधी निजून हाये."

"आत्याबाई!" गोकुळा ओरडली. इतके दिवस कोंडलेला तिचा आवाज एकदम फुटला. "धोतर कोनं नेसोलं मले? फेटा कोनं बांधला? दगडावर तांदूळ कोन ठेवत होतं? अन तुमी वो, माह्याकडं पाहा. पंचाईसमोर उभा राहीन म्हने ना तुमी? राहा ना आता उभे!"

लोकांत कुजबुज झाली. केवळराम मूर्ख नव्हता. त्यानं अंगणातलं जाळं पाहिलं होतं. तो मनसारामकडे रोखून बघत म्हणाला, "तू खरं बोलतं का ती खरं बोलते, हे मले समजत नाई. शपत घे. अशी घे का पुढं बोलायचं काम नाई पडलं पायजे."

मनसारामनं गोधडी खाली टाकली. मग चालत गोकुळापाशी आला. तिला वाटलं, आता हा फुटणार, आता खरं सांगणार. तिनं हातही पुढं केला. त्यानं हात सरळ तिच्या पोटावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "या लेकराची शपत. मले काहीच माहीत नोतं."

आतलं लेकरू त्याच वेळी हललं. त्याच्या तळहाताला ते लागलं असलंच पाहिजे. त्यानं हात काढून घेतला आणि परत जाऊन गोधडी अंगावर ओढली.

पालेबोडीत या शपथेच्या पलीकडं काही नव्हतं. खोटी घेतली तर लेकरू वाचत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग बाप आपल्या लेकराची खोटी शपथ घेईल कशाला? गोकुळाच्या बाजूनं कुजबुजणारे होते तेही गप्प झाले. पंचांनी निवाडा दिला: मनसारामला माहीत नव्हतं, शुद्ध नसल्यानं त्याला आजारही कळवता आला नाही, म्हणून त्याची झाडं त्याच्याकडेच राहतील. गोकुळानं आजच गाव सोडायचं, बाळंत होऊन शुद्ध होईपर्यंत गावाचं पाणी प्यायचं नाही.

ती लुगडी बांधत होती तेव्हा मनसाराम हळूच आत आला. ताप कुठल्या कुठं गेला होता.

"रागावू नको," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "बाईले दंड हलका असते. चार महिने मायजवळ राहा, लेकरू झालं का मीच येतो न्याले. मी कबूल झालो असतो तर झाडं गेले असते, आज्याच्या टायमाचे. इचार कर जरा."

गोकुळानं गाठोड्याची गाठ मारली. ती म्हणाली, "झाडासाठी माह्यावर घातलं, घाला. पन शपत माह्या माथ्याची घेता आली असती. तुमच्या मायची घेता आली असती. लेकराची काऊन घेतली?"

"दुसऱ्या कशाची घेतली असती तर त्याईनं मानली नसती," मनसाराम म्हणाला. खरं सांगतोय असं तोंड करून म्हणाला, आणि ते खरंच होतं.

गोकुळानं गाठोडं उचललं. पंचांनी आदल्या दिवशीच तिच्या माहेरी निरोप धाडला होता. तिचा भाऊ झिंगू दारात येऊन उभा होता. ती त्याच्याबरोबर निघाली, डोंग्यातून वैनगंगा ओलांडून गोंडपिपरीकडं, आईच्या घरी.

इकडं तिनं राखलेल्या देवांनी कोसा विणला. सबंध जंगलात धड पीक आलं ते फक्त मनसारामचं. बायकोनं विटाळ करूनही शेवटच्या दिवसांत त्यानं पीक सावरलं म्हणून त्याच्या राखणीची पालेबोडीत वाहवा झाली, आणि त्यानं ती मान खाली घालून, नम्रपणे घेतली.

माहेरी गोकुळाला काम नव्हतं. सुगंधाबाई, तिची आई, तिला हलूसुद्धा देत नसे. जंगलात तिला धड झोप मिळत नव्हती आणि इथं मिळत होती तर येत नव्हती. लेकरू तासभर हललं नाही की ती उठून बसायची, पोटावर थापट्या मारायची, "हाल ना रे, हाल ना." झाडाच्या सावलीची भीती तिनं केव्हाच टाकली होती, देवांनी तिला काही केलं नव्हतं. भीती आता त्या हाताची होती. कावळ्यांना हाकलता येतं. बापानं घेतलेली शपथ कशानं हाकलायची?

पौषात ती बाळंत झाली. नाळ गळ्याला नव्हती. लेकरू बाहेर आलं आणि सुईणीनं पालथं करायच्या आत रडलं, असं खणखणीत की झिंगू अंगणातून धावत आला. गोकुळानं ते छातीशी घेतलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपली.

बारसं व्हायच्या आधीच मनसाराम आला. नवं कोशाचं धोतर, हातात गोकुळासाठी लुगडं. सुगंधाबाई पाणी आणायला गेली होती. दार आतून लावलेलं होतं. त्यानं कडी वाजवली.

"गोकुळे, मी आलो. न्याले आलो. झालं का बाळंतपन?"

गोकुळा दाराच्या आत उभी होती. लेकरू पिऊन तिच्या खांद्यावर झोपलेलं. उघडावं की न उघडावं हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि मग तिच्या तोंडून असं काही निघालं जे तिनं आधी कधी योजलं नव्हतं.

"तुमची शपत लागली," ती म्हणाली.

तिनं कान दाराला लावला. त्याचा श्वास ऐकू येत होता. काय झालं, कसं झालं, असं त्यानं विचारलं नाही, आणि का विचारावं? शपथ खोटी होती हे दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला माहीत होतं. तिच्या मनात आलं, हा आता रडला तर मी दार उघडीन. मुलगा होता का मुलगी एवढं विचारलं तरी उघडीन. हात कडीवर ठेवून ती वाट पाहत राहिली.

बऱ्याच वेळानं मनसाराम दाराच्या फटीशी तोंड आणून हलक्या आवाजात म्हणाला, "गोकुळे, हे कोनाले सांगतलं तर नाई ना? पालेबोडीत समजलं तर लोक म्हनतीन शपत खोटी होती. झाडं जातीन. मी सांगन, लेकरू चांगलं हाये म्हनून. तू काही दिवस इथीच राहा."

गोकुळाचा हात कडीवरून खाली आला.

"सांगा," ती म्हणाली. "तसंच सांगा."

लुगडं उंबऱ्यावर ठेवून तो गेला. संध्याकाळपर्यंत पालेबोडीत पोचला आणि भेटेल त्याला सांगत सुटला की गोकुळाचं लेकरू चांगलं आहे, अगदी चांगलं आहे. आणि लबाडी उघडी पडेल या धास्तीनं तो एकेकाला दोनदोनदा सांगत होता.